बाबांच्या पाठीवरचा कोळसा

"घरी घेऊन जा. अशा पेशंटला आजार मारत नाही, पाठ मारते."

मोठ्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर हे वाक्य माझ्या बाबांच्या उशाशी उभे राहून बोलले. बाबा जागे होते. खाणीत वरचा दगड अंगावर बसला तेव्हा त्यांचं कमरेखालचं सगळं गेलं होतं. कान नव्हते गेले. पण डॉक्टर असे बोलले, जणू खाटेवर माणूस नाही, गाठोडं आहे. मला इतका संताप आला की निघताना मी त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही. माय बाहेर आल्यावर म्हणाली, "मोठ्या मानसासमोर असं थोबाड करू नाई पोरी." मी म्हटलं, "मंग त्याइनं मोठ्या मानसासारखं बोलावं."

माझी जीभ लहानपणापासून अशीच. माजरीच्या कोळसाखाणीच्या कॉलनीत मला सगळे तोंडाळ म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. मी तेव्हा बारावी सायन्सला होते.

जीपमध्ये आडवे होऊन घरी येताना बाबा वाटभर जीपच्या टपाकडे बघत होते. कॉलनीची पाण्याची टाकी दिसली तेव्हा पहिल्यांदा बोलले. "ऑक्टोबरात म्या चांद्याले जाईन. बसून जाईन, झोपून नाई."

हे कुठलं जाणं, ते आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नसे. छप्पन साली चांद्याला, आमच्या जिल्ह्याच्या गावी, धम्मदीक्षा झाली तेव्हा बाबांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्या गर्दीत उभं राहून त्यांनी दीक्षा घेतली आणि तेव्हापासून दरवर्षी ते दीक्षाभूमीवर जात. पाऊस असो, ताप असो, पाळी बदलून मिळो न मिळो, त्यांचं जाणं चुकलं नव्हतं. पाय गेलेला माणूस पहिली मागणी हीच करतो, यात मला तेव्हा काही नवल वाटलं नाही. मी म्हटलं, "जाऊ."

पण कॉलनीनं बाबांना मनातल्या मनात पोचवून टाकलं होतं. मागच्या गल्लीत एक खाणकामगार असाच कंबर मोडून घरी आला होता. त्याच्या माकडहाडाजवळ जखम झाली, ती हाडापर्यंत गेली, आणि वर्ष व्हायच्या आत तो गेला. शेवटी शेवटी त्याच्या घरावरून जाताना लोक नाकाला पदर लावायचे, ते मी पाहिलं होतं. दवाखान्यात या जखमांना बेडसोर म्हणत. एकाच जागी भार पडून राहिला की आतलं मांस मरतं आणि वरच्या कातडीला ते शेवटी कळतं. बाबांना तर तिथलं काहीच जाणवत नव्हतं. विंचू चावला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता. म्हणून आमच्याकडे येणारे लोक बाबांकडे बघत, चुकचुकत, मायचा हात धरत. मी एकदा चहाचे कप आपटून म्हटलं, "बाबा जित्ते हायेत आजून. जे बोलाचं ते त्याइच्यासंग बोला." त्यानंतर चुकचुकणारे जरा कमी झाले.

कॉलनीच्या छोट्या दवाखान्यात त्या वर्षी एक तरुण डॉक्टर नवा आला होता. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, स्कूटर सदा बंद पडलेली. तो आठवड्यातून एकदा बाबांची पाठ बघायला यायचा. पहिल्या दिवशी त्यानं बाबांना कुशीवर वळवायला सांगितलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. मी विचारलं, काय शोधताय? तो म्हणाला, पुस्तकात लिहिलंय की जखम व्हायच्या आधी कातडी लाल होते, दाबली तरी लाली जात नाही. ती दिसली की समजायचं, वेळ आहे अजून.

बाबा उशीत तोंड खुपसून हसले. "साहेब, लाल पाह्याचं असन तं एखादा गोरा मानूस आना. इथी खानीतला मानूस हाये."

डॉक्टरही हसला, पण मला हसू आलं नाही. म्हणजे गोऱ्या माणसाच्या पाठीवर धोक्याचा कंदील लागतो आणि आमच्या पाठीवर थेट जखमच होते? पुस्तक लिहिणाऱ्यानं काळी पाठ कधी पाहिलीच नव्हती का? हे मी डॉक्टरला तोंडावर विचारलं. तो बिचारा ओशाळला नाही की चिडला नाही. म्हणाला, "प्रश्न बरोबर आहे. पण लालीच्या आधी त्या जागी ऊब येते. उबेला रंग नसतो."

पुढच्या खेपेला तो ऊब बघायचं साधन घेऊन आला. नागपूरला त्याच्या कॉलेजातले एक सर परदेशातून थर्मोग्राफीच्या काही फिल्म घेऊन आले होते. त्यातली एक वापरलेली, कोपरा दुमडलेली त्यानं मागून आणली. दिसायला एक्स-रेच्या काचेसारखी काळी, पण लवचीक. अंगावर टेकवली की अंगाच्या उबेचं चित्र तिच्यावर उमटायचं. थंड जागा काळी राहायची. जरा ऊब असली की तपकिरी, मग हिरवी, आणि सगळ्यात गरम जागा निळी. मायला हे काही पटेना. लाल म्हणजे गरम, हे चुलीसमोर बसणाऱ्या बाईला कोण शिकवणार? "निया कसा काय गरम?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली; निळ्याला आमच्याकडे नियाच म्हणतात.

"निया आपला रंग हाये," बाबा म्हणाले. "तो थंडा कधी होता?"

फिल्म रोज लावायची होती, आणि ती वाचायची जबाबदारी माझी, कारण डॉक्टर रोज येऊ शकत नव्हता आणि मायला रंगांचा भरवसा नव्हता. इथे खरी अडचण आली. मुलीनं आपलं उघडं अंग पाहावं हे बाबांना मरण आल्यासारखं वाटे. पहिल्या दिवशी त्यांनी मला खोलीबाहेर घालवलं. मीही दारात ठाण मांडून बसले. दोघंही हट्टी; माय कंटाळली. दुपारी तिनं बाबांचं जुनं धोतर घेतलं, त्याला मागच्या बाजूनं हातभर चौकोन कापला आणि वर झाकणासारखा तुकडा शिवून दिला. तो उचलला की माकडहाडाची जागा तेवढी दिसे, बाकी अंग झाकलेलं. बाबांनी त्याला नाव दिलं, खिडकी. सकाळी मी फिल्म घेऊन आले की म्हणायचे, "उघड खिडकी. पाह्य कोन आलं तं."

फिल्मचे नखरे फार. आमच्या उन्हाळ्यात ती भिंतीला लावली असती तरी निळी झाली असती. पण पावसाळा सुरू होता. सकाळी हवा गार असे तेव्हा बाबांना कुशीवर करायचं, सावरीच्या कापसाच्या उशा मागेपुढे लावायच्या, खिडकी उघडी ठेवायची आणि चहा पिऊन होईपर्यंत थांबायचं, म्हणजे गादीची ऊब निघून जाई. मग फिल्म टेकवायची. एकदा धोतराच्या कडेनं फिल्म सरकवली तेव्हा डाव्या खुब्यावर हिरवा ठिपका दिसला. आम्ही ती कूसच बंद केली, आणि दोनतीन दिवसांत तो ठिपका गेला. वर कातडीवर तर काहीच दिसलं नव्हतं. त्या दिवशी मला फिल्मबद्दल जी माया वाटली ती मला घरातल्या काही नातेवाइकांबद्दल आजही वाटत नाही.

बाबांची तब्येत भरू लागली. खाणीच्या वर्कशॉपमधल्या माणसांनी सायकलची चाकं लावून त्यांना एक खुर्ची करून दिली. बाबा हातानं चाक ढकलत ओसरीत येऊन बसू लागले. रोज थोडं जास्त. चांद्याला दिवसभर बसायचं होतं ना, त्याची तालीम. चुकचुकणारे आता त्यांना पत्ते खेळायला बोलवू लागले.

सप्टेंबर उतरणीला लागला होता तेव्हा फिल्मवर निळं आलं.

माकडहाडाच्या जरा वर, करंगळीएवढं लांब. मी फिल्म उचलून कातडी पाहिली. तिथे एक निळसर काळा डाग होता, पण तो तर तिथे माझ्या जन्माआधीपासून होता. खाणीत खरचटलं की जखमेत कोळशाची भुकटी जाते आणि वरून कातडी धरते. कोळसा आतच राहतो, आयुष्यभर. आमच्या कॉलनीत असा डाग नसलेला पुरुष शोधून सापडला नसता. बाबांच्या खांद्यावर होता, कोपरावर होता, आणि हा कमरेखालचा, पहिल्या वर्षीचा. त्या डागाचा त्यांना अभिमान होता.

मी सांगितलं तेव्हा बाबांनी ते उडवून लावलं. "तो कोळसा हाये. कोळसा तापनारच."

आणि झालं. गल्लीतल्या सगळ्यांनी मान डोलावली. कोळसा तापतो, हे तर ज्यांचं पोट कोळशावर चालतं त्यांनाच जास्त ठाऊक. एक म्हणाला, उन्हाळ्यात माझा डाग चुरचुरतो. दुसरा म्हणाला, थंडीत माझ्या डागावर हात शेकता येतो. माय निर्धास्त झाली. डॉक्टर आला, त्यानं फिल्म लावून पाहिली, निळं पाहिलं, आणि तोही अडखळला. त्यानं मोठ्या दवाखान्यात फोन करून विचारलं तर तिथून उत्तर आलं की कातडीतल्या काळ्या रंगामुळे फिल्म फसली असेल, आणि ती काही आपल्या लोकांसाठी बनवलेली नाही.

आपल्या लोकांसाठी बनवलेली नाही! पुस्तक आपल्यासाठी नाही, फिल्म आपल्यासाठी नाही, मग आपल्यासाठी आहे काय? फक्त जखम? मी डॉक्टरला म्हटलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" तो प्रामाणिक होता. म्हणाला, "मला माहीत नाही. कोळसा असलेली पाठ पुस्तकात नाही."

खरं सांगायचं तर तो कोळसाच असावा, असं मलाही वाटत होतं. ऑक्टोबर तोंडावर आला होता. बाबा खुर्चीत ताठ बसत होते. पण एक साधी गोष्ट मला झोपू देईना. हा डाग तर आषाढातही तिथेच होता. मग तेव्हा का नाही तापला?

हातच्या काकणाला आरसा कशाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच फिल्म बाबांच्या खांद्यावरच्या डागावर ठेवली. तिथे सगळीकडे सारखा तपकिरी रंग; डाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेना. बाबा म्हणाले, "खांद्यात कोळसा कमी हाये."

"बरं," मी म्हटलं. "जास्त कोनाले हाये ते पाहू."

रात्रपाळी सुटून माणसं घरी येत होती. मी त्यांना ओसरीसमोर अडवलं आणि सांगितलं, आंघोळ करा, गार व्हा आणि डाग दाखवायला या. आधी हसले, मग आले. तरण्या पोरीसमोर सदरे काढताना मोठमोठे बाप्ये असे लाजले की मायला पदर तोंडात धरावा लागला. मी एकेकाला बाकावर बसवलं आणि त्याच्या डागावर फिल्म टेकवली. कुणाच्या मानेवर, कुणाच्या बरगडीवर, एकाच्या तर कपाळावर. बाबा खाटेवरून मान वळवून पाहत होते आणि प्रत्येकाला विचारत होते, "निया हाये का?" निळं कुठेच नव्हतं. थंडीत डागावर हात शेकणारा माणूसही साधा तपकिरीच निघाला. त्यानं फिल्म दोनदा पुसून लावायला सांगितली.

शेवटी आमच्या शेजारचे म्हातारे आले. खाणीतून निवृत्त झालेले, बाबांना काम शिकवलेले. त्यांची अर्धी पाठ कोळशानं गोंदल्यासारखी होती. मी फिल्म त्यांच्या पाठीवर ठेवली आणि बाबांना दिसेल अशी फिरवली. मधोमध काळाभोर डाग असूनही फिल्मवर त्याची खूणसुद्धा नव्हती. म्हातारे सदरा घालत म्हणाले, "भाऊ, माह्या पाठीत तुह्यापेक्षा जास्त खान हाये. नाई तापली."

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टर दुपारी आला. मी जे केलं ते सांगितल्यावर तो आधी हसला, मग त्यानं डागाच्या कडेनं बोट फिरवून दाबून पाहिलं आणि हसू मावळलं. वरची कातडी धड होती, पण आतून ती जागा पिकल्या टेंभराच्या फळासारखी मऊ लागत होती. तो म्हणाला, "आत सुरू झालंय. पण वर आलेलं नाही. आजपासून या जागेवर काहीही टेकायचं नाही. बसणं बंद, उताणं झोपणं बंद. पालथं राहायचं, फिल्म काळी होईपर्यंत."

"चांद्याले?" बाबांनी विचारलं.

"बसून गेलात तर ही जागा फुटेल. मग मी काही करू शकणार नाही."

बाबांनी त्या दिवशी मला जे बोलून घेतलं ते मी लिहिणार नाही. बापानं मुलीला बोलू नये असं होतं. मीही उलट बोलायला कमी केलं नाही. मग मी ओरडून म्हटलं, "त्या मोठ्या डॉक्टरनं पाठ मारन म्हनलं हाये तुमाले. त्याचं खरं कराचं असन तं बसा जाऊन खुर्चीत. म्या ढकलतो चाक."

त्यांनी खुर्ची मागितली नाही, पण माझ्याशी बोलणं बंद केलं. पालथे पडून राहिले. पालथ्यानंच जेवले, माय जमिनीवर बसून त्यांच्या तोंडाशी घास धरायची. छातीखाली उशी, नाकासमोर भिंत. खुर्ची ओसरीत तशीच उभी, तिच्यावर कोंबडी बसायला लागली. रोज सकाळी मी मुकाट्यानं खिडकी उघडायची आणि फिल्म टेकवायची. बाबा विचारत नसत, आणि मी मायला ऐकू जाईल अशा बेतानं रंग सांगायची. निळा. निळा. निळा, पण लहान. मग एक दिवस निळ्याच्या जागी हिरवा आला, आणि मला रडू फुटलं. बाबांनी भिंतीकडे बघतच म्हटलं, "रडून नको राहू. फिल्म ओली होईन."

चांद्याला जायचा दिवस आला तेव्हा हिरवा अजून होता. बोटाच्या पेराएवढा, पण होता. सकाळी गल्लीतली माणसं पांढरे कपडे घालून ट्रकमध्ये चढू लागली. कुणी बाबांकडे बघेना. मला वाटलं, आता ते हट्ट धरतील, आणि मी काय करणार होते मला ठाऊक नव्हतं. मी खिडकी लावून घेत होते तेव्हा ते म्हणाले, "पालथा तं नेता येते ना मले?"

मायनं घाईघाईनं पेटीतून त्यांचा पांढरा सदरा काढला. चौघांनी खाट उचलली, बाबांसकट ट्रकमध्ये ठेवली, आणि चांद्याला पोचल्यावर ती खांद्यावर घेऊन गर्दीत शिरले. पुढे शेजारचे म्हातारे, मागे आम्ही मायलेकी. खांद्यावर खाट, खाटेवर पांढऱ्या कपड्यातला माणूस, आणि तोही पालथा. लोकांना वाटलं, मयत आहे. समोरची गर्दी दुभंगली. माणसं बाजूला होऊन हात जोडू लागली. एका बाईनं डोळे पुसत हातातली फुलं बाबांच्या पाठीवर वाहिली.

बाबांनी दोन्ही हात खाटेच्या काठावर टेकवले, छाती उचलली आणि त्या बाईकडे मान वळवून म्हणाले, "बाई, टाइम हाये आजून. जयभीम."

ती बाई किंचाळली, मग हसायला लागली, मग तिनं इतक्या जोरात जयभीम केला की सगळी रांग वळून पाहू लागली. बाबांनी पुढचा सगळा रस्ता छाती वर उचलून काढला. मान एकदाही खाली टेकवली नाही. मी मागून चालत होते आणि मला मोठ्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरला हाताला धरून तिथे आणावंसं वाटत होतं.

दिवाळीच्या सुमाराला फिल्म काळी झाली. डॉक्टरनं ती नागपूरला परत दिली, कारण ती त्याची नव्हती. त्याची बदली झाली. पुढे मी तळहाताच्या पाठच्या बाजूनं ऊब बघायला शिकले, आणि जिथे शंका आली तिथे बाबांना पालथं केलं. खुर्चीवरून कोंबडी उठली. बाबा त्यानंतर चांद्याला बसून गेले, अनेक वर्षं गेले. माझ्या लग्नात बसले, माझ्या मुलींना मांडीवर घेऊन बसले. मोठे डॉक्टर निवृत्त होऊन गाव सोडून गेले तरी बाबा ओसरीत बसून पत्त्यांत लबाडी करतच होते.

ते गेले ते छातीच्या दुखण्यानं, म्हातारपणी, एका सकाळी. आंघोळ घालायच्या आधी गल्लीतली जुनी माणसं आत आली. त्यातल्या काहींच्या डागांवर मी फिल्म ठेवली होती. मायनं रात्री नेसवलेलं ते खिडकीचं धोतर अजून बाबांच्या अंगावर होतं. आता ते कितवं होतं कोण जाणे, पण खिडकी तिनं प्रत्येकाला शिवलेली. मी बाबांना कुशीवर वळवलं आणि सगळ्यांसमोर खिडकी उघडली. कुणी मला थांबवलं नाही.

कोळशाचा डाग तिथेच होता, करंगळीएवढा, निळसर काळा. त्याच्या चहूबाजूंनी कातडी धड होती. मी म्हटलं, "पाहून घ्या. पाठीनं नाई मारलं."